ताप उतरल्यानंतरचे दिवस: गंभीर फ्लूतून उठणाऱ्यांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात कुणी शिंकलं, तर पीएमटीतलं शेजारचं सीट आपोआप रिकामं व्हायचं. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जूनलाच स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली होती, पण ती आपल्या दारात आली आहे हे कळलं ३ ऑगस्टला. त्या दिवशी पुण्यातली १४ वर्षांची एक मुलगी गेली. देशातला तो पहिला मृत्यू. मग शाळा, थिएटरं, मॉल बंद झाले, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा लागल्या, आणि एरवी स्कूटीवरच्या मुलींच्या स्कार्फला हसणारे पुरुषही तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले.

मला ताप आला तो गणपतीच्या आधीच्या आठवड्यात. गोळ्या मिळाल्या, चौथ्या दिवशी ताप उतरला, सहाव्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी मखराचं सामान आणायला बाजारात गेलो. दोन तास गर्दीत फिरलो. त्या रात्री पुन्हा हुडहुडी भरली, पहाटे बोलताना धाप लागायला लागली, आणि ऐन चतुर्थीला मी न्यूमोनिया घेऊन दवाखान्यात दाखल झालो. मखर मेव्हण्याने केलं. मी घरी आलो विसर्जन झाल्यावर.

फ्लूत सगळ्यांत फसवा दिवस कोणता, तर ताप उतरल्यानंतरचा. पुढे जे सांगतो आहे ते सगळं त्या एका चुकीतून शिकलेलं आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

आधी हिशेब सांगून टाका

साध्या फ्लूत ताप तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात उतरतो. खोकला आणि थकवा दोन आठवडे किंवा त्याहून जास्त रेंगाळतो. न्यूमोनिया झाला असेल तर मात्र हिशेब महिन्यांचा असतो. ढोबळमानाने छातीतलं दुखणं आणि कफ महिनाभरात बराच कमी होतो, खोकला आणि धाप दीड महिन्यात. तीन महिन्यांनी बहुतेक त्रास गेलेला असतो, थकवा मात्र उरतो. अगदी पहिल्यासारखं वाटायला सहा महिनेही लागू शकतात. व्हेंटिलेटरवर राहून आला असाल तर आणखी जास्त धरा.

हे आकडे घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी ऐकवा. नाहीतर दहाव्या दिवसापासून "आता बरा आहेस ना, मग जरा दळण आणून टाक" सुरू होतं. आणि ते बोलणाऱ्याचं काही चुकत नाही, कारण तुम्ही खाटेवर बसून पेपर वाचताना अगदी धडधाकट दिसत असता.

दवाखान्यातून निघण्याआधी

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या काउंटरवर इतका वेळ जातो की डॉक्टरांना विचारायचं ते राहूनच जातं. म्हणून आदल्या दिवशीच चिठ्ठीवर प्रश्न लिहून ठेवा. कोणती गोळी किती दिवस आणि ती अचानक बंद केली तर चालेल का? चालल्यावर ऑक्सिजन किती राहतो? घरी किती दिवस वेगळं राहायचं? पुन्हा कधी दाखवायचं, आणि रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा?

यातला दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. पडून असताना ऑक्सिजन ९६ दिसतो, आणि वॉर्डच्या दारापर्यंत चालून आलं की तो खाली घसरतो. घरी तर तुम्ही संडासपर्यंत चालणारच आहात. म्हणून निघण्याआधी सिस्टरना बोटाला यंत्र लावून थोडं चालवून बघायला सांगा.

एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड एकाच पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कपाटाच्या वर टाकू नका. दाराजवळच्या खुंटीला अडकवा. रात्री दोन वाजता शोधाशोध नको.

वेगळी खोली, नसेल तर वेगळी खाट

लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून ते आजारी पडल्यावर पाच-सात दिवसांपर्यंत माणूस फ्लू पसरवू शकतो. लहान मुलं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे ते याहून जास्त दिवस. आमच्या वेळी साधा नियम होता: सात दिवस घरात, आणि तापाची गोळी न घेता निदान २४ तास ताप नसला पाहिजे. यात "गोळी न घेता" हे शब्द महत्त्वाचे. पॅरासिटामॉल घेऊन थर्मामीटरला ९८ दाखवणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. माझ्या मखराच्या फेरीत मी किती जणांना प्रसाद वाटला असेन, याचा विचार आजही नको वाटतो.

वन बीएचकेत वेगळी खोली कुठून आणणार? मग खाट खिडकीशी घ्या, खिडकी उघडी ठेवा, मधे निदान हातभर-दोन हात नव्हे, चांगलं सहा फूट अंतर ठेवा. आजाऱ्याने आणि जवळ जाणाऱ्याने मास्क लावावा. सांभाळायला घरातला एकच माणूस ठरवा, आणि तो गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा दमेकरी नको. २००९ मध्ये गरोदर स्त्रियांना या फ्लूचा फार मोठा फटका बसला होता. ताट-वाटी वेगळी करून फेकून द्यायची गरज नाही, साबणाने घासली की पुरे. हातही साबणानेच.

भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य असतं आणि सोबत आणलेले मोसंबीचे किलो मोजले जातात. मोसंबी घ्या, माणसं परत पाठवा. रागावतील, पण बरी राहतील.

वही

घरी आलो त्याच दिवशी बायकोने मुलाची अर्धी वापरलेली गणिताची वही घेतली, मागच्या बाजूने उघडली आणि पट्टीने रकाने आखले. वेळ, ताप, श्वास, नाडी, पाणी, लघवी, शेरा. मला तो अतिरेक वाटला होता. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी माझा एक्स-रे जितका वेळ पाहिला, त्याहून जास्त वेळ ती वही चाळली.

दिवसातून तीनदा लिहा: सकाळी उठल्यावर, दुपारी चारच्या सुमारास, रात्री झोपताना. दुपारची नोंद चुकवू नका, कारण सकाळी नॉर्मल असलेल्या अंगात कसर बहुतेक वेळा दुपारनंतरच भरते. ताप तापाच्या गोळीआधी मोजा.

श्वास मोजणं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत दुर्लक्षित. आजारी माणूस स्वस्थ पडलेला असताना, त्याला न सांगता, पोट किती वेळा वर येतं ते घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. सांगून मोजलं तर माणूस श्वास बदलतो. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात. २४ च्या वर जात असतील तर डॉक्टरांना फोन, ३० च्या आसपास असतील तर फोन करत बसू नका, निघा. मुलांचं गणित वेगळं: दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे ताबडतोब दाखवायचं.

आमच्याकडे तेव्हा ऑक्सिमीटर नव्हता. करोनानंतर तो बऱ्याच घरांत आहे. वापरताना बोट गरम हवं, नेलपॉलिश नको, आणि आकडा स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट द्या. ९४ किंवा खाली सारखा दिसत असेल तर डॉक्टरांना कळवा. ९० च्या खाली गेला तर थेट दवाखाना. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी आपला आकडा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावा.

शेरा या रकान्यात काय लिहायचं? "आज आंघोळ केली, मग तासभर झोप." "खोकल्यात पिवळा बेडका." "वरणभात अर्धी वाटी." असलंच.

ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नका

एक-दोन दिवस बरं वाटून पुन्हा ताप चढला, खोकला वाढला, तर ते सगळ्यांत वाईट चिन्ह समजा. विषाणूने घासून काढलेल्या फुप्फुसात मागाहून जिवाणू शिरतात आणि न्यूमोनिया होतो. माझं तेच झालं. याशिवाय बसल्या जागी धाप, छातीत दुखणं किंवा दडपण, थुंकीत रक्त, ओठ किंवा नखं निळसर होणं, बरळणं, नीट जागं न राहणं, चक्कर येऊन पडणं, लघवी फार कमी होणं. मुलांत श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडणं, दूध-पाणी न पिणं, रडताना डोळ्यांत पाणी नसणं. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. "सकाळी बघू" हे वाक्य या यादीपुरतं घरातून हद्दपार.

औषधांचा गोंधळ

ऑसेलटामिवीर, म्हणजे आपण ज्याला टॅमिफ्लू म्हणून ओळखतो ते, लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतलं तर सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं. दाखल झालेल्या गंभीर रुग्णाला मात्र उशीर झाला तरी देतात. मोठ्यांसाठी नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस बदलतो. रिकाम्या पोटी मळमळतं, म्हणून चार घास खाऊन घ्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवू नका आणि शेजारच्या काकांनाही देऊ नका.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. मागाहून झालेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियावर चालतं, आणि तो झाला आहे का हे औषधाच्या दुकानातला मुलगा सांगू शकत नाही.

पॅरासिटामॉलची गंमत अशी की ते सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत आधीच असतं. तापाची एक, सर्दीची एक, अंगदुखीची एक असं करता करता एकच औषध तीनदा पोटात जातं आणि यकृताला महागात पडतं. सगळ्या पट्ट्या एकत्र ठेवून मागची बारीक अक्षरं वाचा. दोन डोसांत निदान चार ते सहा तास, आणि दिवसाची एकूण मात्रा डॉक्टरांनी सांगितली त्याच्या वर नाही. मुलांना फ्लूत ॲस्पिरिन कधीही नको. स्टिरॉइड सुरू केलं असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते उतरत्या क्रमाने थांबवतात. आणि मधुमेह असेल तर आजारपणात आणि स्टिरॉइडवर साखर वर जाते, म्हणून वहीत तिचाही एक रकाना आखा.

काढा? प्या, पण अर्धा कप. दिवसभर मिरी-सुंठ उकळून प्याल तर फ्लू राहील बाजूला, पित्ताने हैराण व्हाल.

पोट

तापात लंघन करावं असं आमची आजी म्हणायची. उठणाऱ्या माणसाने तरी ते मनावर घेऊ नये. पडून पडून अंगावरचं मांस झपाट्याने झडतं, ते परत भरायला प्रथिनं लागतात. पण भूक नसते आणि तोंडाला चव नसते. अशा वेळी मोठं ताट समोर आलं की जीव घाबरतो. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर द्या: मऊ भात-मेतकूट-तूप, मुगाची पातळ खिचडी, भाताची पेज, नाचणीची आंबील, कुळथाचं कढण, उकडलेलं अंडं, खात असाल तर चिकनचं पातळ सूप. ताक दुपारी चालतं. ताकाने खोकला वाढतो असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी वाद घालत बसू नका, त्यांना डाळीचं पाणी द्या.

पाणी पुरेसं आहे का हे लघवीच्या रंगावरून कळतं. गडद पिवळी म्हणजे कमी पडतं आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारा.

छाती

खोकला दाबायची घाई करू नका. कफ बाहेर पडायलाच हवा. दिवसातून तीन-चार वेळा ताठ बसा, नाकाने सावकाश श्वास घ्या, मग गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून त्याच्या दुप्पट वेळ सोडा. पाच-सहा वेळा करा, मग एकदा जोरात खोका. दवाखान्यातून श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं खेळणं (स्पायरोमीटर) दिलं असेल तर ते ओढून वापरायचं असतं, फुंकायचं नाही. मी पहिले दोन दिवस फुंकत होतो.

रात्री पाठीला दोन उशा लावा. मध कोमट पाण्यातून घ्यायला हरकत नाही, फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको. वाफेने चोंदलेलं नाक मोकळं होतं, विषाणू मरत नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला टॉवेलखाली बसवू नका, पातेलं कलंडून पोरं भाजतात.

सिगरेट ओढत असाल तर आता सोडायला याहून सोपी संधी मिळणार नाही. दहा दिवस तशीही ओढलेली नसते.

जिना

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तीन मजले म्हणजे ५४ पायऱ्या. दवाखान्यातून आलो तेव्हा मेव्हण्याने काखेत धरून चढवलं. पहिल्या मजल्यावर पाय थरथरायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंनी काही न विचारता दारातून प्लास्टिकची खुर्ची सरकवली आणि आत निघून गेल्या. पंधरा मिनिटं तिथे बसलो. समोरच्या भिंतीवर रंगाचे पोपडे सुटलेले होते, त्यांचा आकार मला अजून आठवतो. ती खुर्ची काकूंनी पुढे दोन महिने तिथून हलवली नाही.

चालण्याचं वेळापत्रक मी नंतर असं लावलं, आणि डॉक्टरांना ते पटलं. पहिले चार-पाच दिवस फक्त घरात: दर तासाला उठून खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. दिवसभर नुसतं पडून राहणंही चांगलं नाही, कफ साठतो आणि पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते. मग गॅलरीत पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. मग खाली सोसायटीच्या फाटकापर्यंत. दर दोन-तीन दिवसांनी थोडंसं वाढवायचं, रोज नाही.

मोजमाप एकच: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनी थांबावं लागत असेल तर तिथेच बसा. आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी लागतो. आज बाजारापर्यंत जाऊन आलात, छान वाटलं, आणि उद्या सकाळी दात घासायलाही त्राण नाही, तर आजचं अंतर जास्त झालं. दोन दिवस मागच्या टप्प्यावर या. चांगल्या दिवशी चार दिवसांची कामं उरकायची आणि मग तीन दिवस आडवं व्हायचं, हे चक्र मी दोनदा फिरलो.

जिना चढताना चार पायऱ्या, मग कठड्याला धरून दोन श्वास, मग पुढच्या चार. श्वास सोडताना पाय उचलायचा. आंघोळ हेही कष्टाचंच काम आहे, हे कुणी सांगत नाही. न्हाणीघरात स्टूल ठेवा, आतून कडी लावू नका.

व्यायामाला, जिमला, ट्रेकला मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय जायचं नाही. फ्लूमुळे कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही वाढलेला असतो. छातीत धडधड किंवा घेरी आली तर सिंहगड राहू द्या, आधी ईसीजी काढा.

डोकं आणि केस

दोन आठवड्यांनी मला कारण नसताना रडू यायला लागलं. रिमोट सापडला नाही म्हणून एकदा रडलो. मोठ्या आजारानंतर असं होतं. झोपेची घडी विस्कटते, पेपरातला परिच्छेद तीनदा वाचावा लागतो, आयसीयूत राहिलेल्यांना तिथली स्वप्नं पडतात. बहुतेकांचं हळूहळू निवळतं. दोन-तीन आठवड्यांनंतरही तसंच असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांना हेही सांगा, खोकल्यासारखंच सांगा. बातम्या दिवसातून एकदाच पाहा. साथीच्या काळात आकड्यांची पट्टी बघत पडून राहणं हा वेगळाच आजार आहे.

दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात पुंजके येतील. मोठ्या तापानंतर केस गळतात आणि पुन्हा येतात. महागडं तेल घेऊ नका.

कामावर

जमलं तर पहिला आठवडा अर्धा दिवस. हिंजवडीला जाणाऱ्या माणसाला कामापेक्षा प्रवासच जास्त थकवतो, त्यामुळे रजा मोजताना प्रवास मोजा. फिटनेस सर्टिफिकेट लागतं का ते आधीच विचारा. पहिल्या दिवशी लोक थोडे लांबून बोलतील. बोलू द्या.

पुन्हा दाखवणं आणि लस

घरी आल्यावर आठवडाभरात एकदा दाखवा, वही घेऊन. न्यूमोनिया झाला असेल आणि तुम्ही पन्नाशीच्या पुढे असाल किंवा सिगरेट ओढत असाल, तर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा का ते विचारा. जुना एक्स-रे सोबत न्या, तुलना करता येते.

२००९ ची महासाथ संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने १० ऑगस्ट २०१० रोजी जाहीर केलं, पण तो विषाणू कुठे गेला नाही. एच१एन१ आता दरवर्षीच्या फ्लूतला एक झाला आहे, आणि महाराष्ट्रात तो २०१५ ला आणि २०१७ ला पुन्हा जोरात आला होता. म्हणजे एकदा झाला म्हणून सुटलो असं नाही. विषाणू बदलतो, आपली प्रतिकारशक्ती उतरते. फ्लूची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते आणि तिच्यात एच१एन१ चा वाण असतोच. ताप पूर्ण गेल्यावर, अंगात बरं वाटू लागल्यावर घ्या. परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात, आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो, म्हणून आमच्या घरी कुरडया वाळत घालायच्या दिवसांत, मे संपायच्या आत, सगळ्यांची लस उरकलेली असते. तारीख त्याच गणिताच्या वहीत लिहितो.